नऊ नंबरची पोच

फोनवरच्या सोसायटीच्या गटात शेजारच्या बाई गेल्याच्या बातमीखाली अण्णांनी नाचणाऱ्या अस्वलाचं चित्र पाठवलं आणि त्या दिवसापासून फोनला हात लावणं सोडलं. चूक त्यांची नव्हती. माझ्या वडिलांचा उजवा हात थरथरतो. गुळगुळीत काचेवर बोट टेकायला गेलं की ते दोन-तीन ठिकाणी टेकतं आणि काचेला वाटतं, हेच यांना हवं होतं. पण हे त्या गटातल्या चाळीस लोकांना कोण समजावत बसणार. अण्णांनी फोन कपाटात मोज्यांच्या खणात ठेवून दिला आणि म्हणाले, "आता मला कुणी काही कळवू नका. मीही कळवणार नाही."

हे बोलणारा माणूस चौतीस वर्षं तारघरात होता. टेलिप्रिंटरसमोर बसून लोकांचे जन्म, मृत्यू, नेमणुका आणि गाड्यांच्या वेळा इकडून तिकडे करायच्या, हीच त्यांची नोकरी. आणि त्यांच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या गावच्या तारघरात, अकरा वर्षं त्यांची धाकटी बहीण बसायची, म्हणजे माझी आत्या. संध्याकाळी सहाला दोघांचीही पाळी संपायची. दिवसाची शेवटची तार गेली की बहीणभाऊ दोन ओळी स्वतःच्या बोलून घ्यायचे. नियमात बसत नव्हतं, पण साहेब कानाडोळा करायचे.

हीच दोघं गेली चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

आजी गेली तेव्हा आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते. हलायचं नाही, रडायचं नाही असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. म्हणून अण्णांनी तिला कळवलंच नाही. आठवड्यानं कळवलं. आत्या आली, आजीच्या रिकाम्या पलंगापाशी थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, साऱ्या जगाच्या बातम्या वेळेवर पोचवल्यास. माझी तेवढी दाबून ठेवलीस." चहा न घेता ती आल्या पावली परत गेली. पुढे तिचे कान पार गेले, तशी फोनवर बोलायची सोयही राहिली नाही. यांचा हात गेला, तिचे कान गेले, आणि दोघांमध्ये तेवढा राग धडधाकट राहिला.

मी घरी बसून काम करते. पाण्याच्या मीटरचे आकडे गोळा करणारे प्रोग्रॅम लिहिते. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि खाली लुकलुकणारी एक ओळ जिच्यात हुकूम टाइप करायचा, एवढंच माझं दुकान. एक दिवस दुपारी अण्णा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मला मागे कुणी उभं राहिलेलं खपत नाही. घरात माझं नाव ठिणगी आहे ते उगाच नाही.

"ठिणगे," ते म्हणाले, "तुझ्या या पडद्यावर काही हलत नाही, ते बरं आहे. यातून बाहेरगावी मजकूर जातो का?"

"जाईल तसा लिहिला तर. कुणाला पाठवायचाय?"

"आहे एक," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

एवढं मला पुरे होतं. त्या संध्याकाळीच मी कामाला लागले.

जगात निरोप पाठवायचे शेकडो प्रोग्रॅम आहेत हे मलाही माहीत आहे. पण त्यात चित्रं आहेत, अस्वलं आहेत. मला असा हवा होता की ज्यात एकाच माणसाला पाठवता येईल, एकाच माणसाचं येईल, आणि चुकीचं दाबायला काही सापडणारच नाही. वरच्या भागात आलेला-गेलेला मजकूर, खाली टाइप करायची ओळ. एंटर दाबलं की गेलं. जुन्या बाजारातून मी अण्णांसाठी एक दणकट कीबोर्ड आणला, खडखड वाजणारा. त्यावर बोट ठेवताच त्यांचा हात निम्मा स्थिर झाला. उरलेल्या थरथरीसाठी मी एक सोय केली: एकच कळ पाव सेकंदाच्या आत दुसऱ्यांदा दाबली गेली, तर ती धरायचीच नाही. आपल्या अक्षरांनी मात्र मला रडकुंडीला आणलं. काळ्या पडद्यावर काना एकीकडे आणि वेलांटी भलतीकडे जाऊन बसायची. तीन दिवस मी त्या वेलांट्यांना वळण लावत होते आणि घरातले पाय न वाजवता चालत होते.

अण्णांची मागणी एकेक करून यायची. प्रत्येक निरोपाला क्रमांक हवा. वेळ हवी. लाइन तुटली तर मजकूर हरवता कामा नये, थांबून राहायला हवा. मी सगळं केलं. शेवटी त्यांनी विचारलं, "पोच मिळेल ना?"

"मिळेल की," मी म्हणाले. मला जरा रागच आला. पोचेशिवाय प्रोग्रॅम लिहायला मी काय काल शिकले? निरोप पलीकडच्या यंत्रात सुखरूप उतरला की ते यंत्र आपणहून 'पोच' पाठवणार आणि अण्णांच्या पडद्यावर त्या क्रमांकापुढे 'पोच' उमटणार. जेमतेम चार ओळींचं काम होतं ते, पण चोख. खरं सांगायचं तर साऱ्या प्रोग्रॅममध्ये माझा जीव त्या चार ओळींवर होता.

आत्या तिच्या मुलाकडे राहते. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे, म्हणून तो आमच्यात चष्मेवाला. त्याला मी माझा एक जुना कॉम्प्युटर पार्सलनं पाठवला आणि फोन करून बजावलं, "आत्याच्या खोलीत ठेव. चालू कर. आणि काही झालं तरी बंद करू नकोस." दोन दिवसांनी त्याचा निरोप आला, "ताई, चालू केलंय." मी पुढे काही विचारलं नाही.

अण्णा बरोबर सहाला बसले. धुतलेला सदरा घालून. त्यांनी टाइप केलं, "क्रमांक १. लाइन तपासत आहे. ठ." तारघरात प्रत्येकाची एका अक्षराची सही असायची. अण्णांची 'ठ'. आत्याची 'ळ'; ज्या अक्षरानं कुणाचंच नाव सुरू होत नाही ते तिनं मुद्दाम मागून घेतलं होतं. एंटर दाबलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे 'पोच' आलं. अण्णा पडद्याकडे बघत राहिले.

"बसली आहे ती," ते म्हणाले.

त्यानंतर ते रोज सहाला बसू लागले. निरोप अगदी आखूड असायचे, कारण शब्द वाचवायची सवय हाडात मुरलेली. "पायदुखी कमी." "गॅलरीत कबुतराचे घरटे. अंडी दोन." पलीकडून फक्त 'पोच' यायची. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी ते पाचपासूनच खुर्चीत होते. मी पाण्याचा पेला ठेवायला गेले तेव्हा पडद्यावर ओळ तयार होती आणि बोट एंटरवर नुसतं टेकलेलं होतं. "क्रमांक ९. आईचे कळवले नाही. चूक माझी. क्षमा. ठ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दाबलं.

पोच ९.

अण्णांनी श्वास सोडला तो मला दारापर्यंत ऐकू आला. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. दुसऱ्या दिवशी चक्क न्हाव्याकडे जाऊन आले. मला म्हणाले, "सही करत नाही अजून. राग आहेच थोडा. पण पोच दिली ना तिनं. घेतलं तिनं." मी हो म्हणाले. सहीचं ते काय म्हणत होते याकडे मी लक्षही दिलं नाही. माझा प्रोग्रॅम चालतोय या आनंदात मी होते.

असे सगळे मिळून सहा आठवडे झाले. एका शुक्रवारी सकाळी चष्मेवाल्याचा फोन आला.

"ताई, तो डबा आता जरा वेळ बंद केला तर चालेल का? खोली झाडायला घेतलीय. आई रविवारी येतेय."

"कुठून येतेय?"

"माझ्या बहिणीकडून. तिचा पाय मोडला होता ना, आई तिच्याकडे गेली होती. तुझं पार्सल यायच्या आदल्याच दिवशी गेली. तू बंद करू नको म्हणालीस म्हणून मी हात लावला नाही. दीड महिना घुंई घुंई चाललंय त्याचं बंद खोलीत."

मग मी त्याला वाट्टेल ते बोलले, कारण तो फोनवर सापडला होता. खोलीत माणूस नाही हे सांगायचं डोकं नाही का तुला, वगैरे. तो बिचारा ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "तू विचारलं नाहीस, ताई." मी फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. अण्णांची माफी महिनाभर एका रिकाम्या खोलीत पडून होती आणि ती घेतल्याची पावती मी दिली होती. माझ्या लाडक्या चार ओळींनी.

सांगावं की नको? रविवारी आत्या येईल, सगळं एकदम वाचेल, अण्णांना काही कळणारही नाही. तासभर मी हाच विचार चघळत बसले. मग लक्षात आलं की ऑपरेशन झालेल्या माणसाला त्रास नको म्हणून बातमी दाबून ठेवायची, हे या घरात एकदा होऊन गेलंय. उठले आणि सांगितलं.

अण्णा गॅलरीत कबुतराच्या पिल्लांकडे बघत होते. ऐकून घेतलं.

"म्हणजे नवव्याची पोच तुझ्या डब्यानं दिली."

"हो. माझं चुकलं, अण्णा. आमच्या कामात यंत्रच यंत्राला पोच देतं. मला वाटलं तुम्हाला तेच हवंय."

"आमच्याकडेही मशिन उमटवायचंच की कागदावर. म्हणून काय ती पोच झाली?" ते म्हणाले, अगदी शांतपणे. "मजकूर वाचायचा. आकडे ताडून बघायचे. मग हातानं पोच द्यायची आणि खाली आपली सही. पोच दिली की ती तार माझी झाली. पुढे तिचं काही झालं तर मी जबाबदार. एकदा न वाचता दिली होती मी, घाईत. तो कागद टेबलामागे पडला. एक माणूस स्टेशनवर दिवसभर वाट बघत बसला होता." जरा थांबून म्हणाले, "सही नव्हती. मला कळायला हवं होतं. मला हवं तसं मी वाचलं."

ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्या चार ओळी पुसायला मला एक मिनिटही लागलं नाही. आता पोच तेव्हाच जाणार होती, जेव्हा पलीकडचं माणूस ती टाइप करील. चष्मेवाल्याला सांगून त्याच्याकडचाही प्रोग्रॅम मी इथूनच बदलला. मग अण्णांनी मला त्यांच्या पडद्यावरच्या जुन्या पोचा पुसायला लावल्या. एक ते एकेचाळीस. "खोट्या आहेत त्या. कशाला ठेवायच्या?" एकेक पोच उडत गेली आणि क्रमांकांपुढची जागा कोरी पडत गेली. नऊच्या वेळी त्यांनी मान फिरवली.

रविवारी आत्या आली. चष्मेवाल्यानं कळवलं की तिला खोलीत नेऊन दाखवलंय, काय करायचं ते कागदावर लिहून दिलंय, आणि तिनं कागद वाचून उशीखाली ठेवलाय. रविवारी सहाला काही आलं नाही. सोमवारी नाही. मंगळवारी नाही. अण्णा रोज बसायचे, नवीन काही पाठवायचे नाहीत. "आधीचं घेऊ दे तिला," म्हणायचे. मी मीटरचे आकडे बघत असल्याचं सोंग करायचे.

बुधवारी सहा वाजून चार मिनिटांनी वरच्या भागात एक ओळ उमटली.

"पोच १. ळ."

"ही ती," अण्णा म्हणाले. दीड मिनिटानं "पोच २. ळ." आली. मग तीन. पाय दुखण्याचा निरोप वाचायला तिला थोडा वेळ लागला, कबुतराचा तिनं भराभर घेतला. आठवी पोच आली आणि लाइन गप्प झाली. आम्ही पावणेसातपर्यंत बसलो. मी उठून चहा केला, तो दोघांनीही घेतला नाही.

गुरुवारी सहाला पुन्हा सुरू झालं. "पोच १०. ळ." मग अकरा, बारा, थेट एकेचाळीसपर्यंत. अण्णांच्या पडद्यावर कोरी जागा एकच उरली. मला वाटलं, संपलं. मनात म्हटलं, एवढा काय तो राग, एवढीशी म्हातारी ती. तोंडावर आलं होतं, पण अण्णांकडे बघून गिळलं. ते तसेच बसले होते, हात मांडीवर.

मग ओळ आली. "९ पुन्हा पाठव. ळ."

"वाचता आलं नसेल?" मी म्हणाले. "वेलांट्या सरकल्या असतील. मी बघते."

"थांब," ते म्हणाले, आणि तोच मजकूर परत टाइप केला. "आईचे कळवले नाही. चूक माझी. क्षमा. ठ."

पाच मिनिटांनी उत्तर आलं. "अपुरे आहे. पुन्हा पाठव. ळ."

अण्णा हसले, म्हणजे तसं काहीतरी झालं त्यांच्या चेहऱ्याचं. "मजकूर तुटून आला की असंच मागायचो आम्ही," म्हणाले. "तिला पूर्ण पोचलाय. पण बरोबर आहे तिचं. तुटकाच आहे तो." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मी उठायला लागले तर म्हणाले, "बस. तूही वाच. तुलाही सांगितलेलं नाही."

त्यांना टाइप करायला अर्धा तास लागला. चौतीस वर्षं शब्द मोजलेला माणूस मी पहिल्यांदा न मोजता लिहिताना बघत होते.

"क्रमांक ९. आई सकाळी सव्वासातला गेली. रात्रभर चांगली झोपली होती. मी दूध तापत ठेवले होते. तिने विचारले, धाकटी कधी येते आहे. मी म्हणालो, निघाली आहे. खोटे बोललो. ती बरे म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली. मी दूध घेऊन आलो तेव्हा ती नव्हती. मग तुला कळवायला फोन हातात घेतला आणि ठेवला. असे सातआठ वेळा केले. तुझ्या डोळ्यामुळे कळवले नाही असे मी सगळ्यांना सांगितले. ते खरे नाही. डोळ्याचे मला निमित्त मिळाले. मला ते लिहवेना आणि बोलवेना. हजारो तारा दिल्या त्या दुसऱ्यांच्या होत्या. ही माझी होती. एक आठवडा तुझी आई तुझ्यासाठी जिवंत होती आणि मला वाटायचे, निदान कुठेतरी ती आहे. म्हणून दाबून ठेवली. तुझी चार वर्षे गेली. मला क्षमा कर. ठ."

एंटर दाबून त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. मी डोळे पुसत होते आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

पहिली दहा मिनिटं गेली. मग पंधरा. माझ्या हातांना सवय आहे, लाइन तुटली का ते बघायला ते आपोआप पुढे झाले. अण्णांनी माझं मनगट धरलं.

"वाचते आहे ती," म्हणाले. "वेळ लागू दे."

सत्तावीस मिनिटं लागली.

"पोच ९. ळ."

आणि लगेच खाली, गेल्या चार वर्षांतला तिचा पहिला निरोप. "क्रमांक १. आईने माझे विचारले होते, हे मला ऐकायचे होते. डोळा बरा आहे. पिल्ले उडाली का कळव. उद्या सहाला बसते. ळ."

अण्णांना त्रास नको म्हणून मी एक सोय ठेवली होती: एक कळ दाबली की पोच आणि सही आपोआप टाइप होऊन जाणार. मी ती कळ दाखवली. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि उजव्या हाताचं एक बोट, डाव्या हातानं धरून, एकेका अक्षरावर नेलं. प. ओकार. च. मध्ये एकदा चुकले, पुसलं, परत लिहिलं. मग एक. मग टिंब. मग आपलं अक्षर.